पाण्याचा टिपूसही न ठेवता

माझा स्वभाव तापट आहे. यात अभिमान नाही, पण लपवून तरी काय उपयोग? खोटा आळ तर मला मुळीच सोसत नाही. सोलापुरात घरी बसून मी शाळेचे गणवेश शिवते. दुकानदार म्हणाला की ही बाही तुम्हीच आखूड केली, आणि ती माझी नसली, तर मी ती त्याच्यासमोर उसवते आणि म्हणते, बघा, ही टीप माझी आहे का सांगा. गल्लीत सगळ्यांना ठाऊक आहे की या बाईच्या वाटेला जायचं नाही. अशा बाईनं एक आळ मुकाट्यानं अंगावर घेतला आणि तो अजून उतरवलेला नाही.

माझं माहेर जेऊरच्या पलीकडं, केळीच्या पट्ट्यात. घराला मातीचं धाबं, वर चढायला लाकडी शिडी. माघ लागला की ते धाबं आईच्या मालकीचं व्हायचं. बांधावरच्या बोरी झोडायच्या, बोरं धुऊन जुन्या धोतरावर पसरायची. व्यापाऱ्यानं नाकारलेली वाकडीतिकडी केळी असायची, ती सोलून उभी चिरायची आणि बोरांच्या शेजारी मांडायची. माश्या बसू नयेत म्हणून वरून विरलेल्या लुगड्याचा तुकडा. दुपारी एकेक फोड उलटायची, आणि दिवस कलला की दंव पडायच्या आत सगळं खाली आणायचं. बोरं वाळली की नाही हे बघायची आईची एक रीत होती. मूठभर बोरं ती पितळी ताटात वरून सोडायची. खडखड वाजली तर वाळली, थपथप वाजली तर परत उन्हात. मग वर्षभर तोच आमचा खाऊ. शाळेत तोच, रानात तोच, पाव्हण्याच्या पोरांच्या हातावर ठेवायलाही तोच.

राखणीला आई माझ्या धाकट्या भावाला बसवायची. म्हणजे मांजराला दुधाची राखण! तो बसल्या बसल्या अर्धं धोतर रिकामं करायचा, आणि आई वर आली की तिची पहिली नजर माझ्याकडं वळायची. कारण घरात खादाड म्हणून नाव माझं होतं. मी आकाशपाताळ एक करायचे. त्याला धरून खाली आणायचे आणि सगळ्यांच्या देखत त्याच्या सदऱ्याचा खिसा उलटा करायचे. खिशातून केळीच्या चिकट फोडी पडायच्या. तो हसायचा, आई त्याला एक धपाटा घालायची, आणि माझं खरं व्हायचं. आपलं खरं झालं की मला भाकरी गोड लागायची.

वडील लवकर गेले. माझं लग्न होऊन मी सोलापूरला आले आणि शेत त्याच्या अंगावर पडलं. त्यानं ते नेटकं सांभाळलं. लग्न मात्र जमेना. पोरींना शेतकरी नको, गाव नको. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली आणि मोडली. मग त्याला दुखणं लागलं आणि तो विषयच मिटला. दोन्ही किडन्या गेल्या होत्या. माझी द्यायला मी तयार होते, पण मला साखर आहे, डॉक्टरांनी नाही म्हटलं. आईचं वय झालेलं. त्याचं नाव किडनीच्या यादीत घातलं आणि नंबर लागायची वाट बघत तो डायलिसिसवर राहिला. मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळच्या गाडीनं जेऊरहून सोलापूरला यायचा, मशीनवर बसायचा, रात्री माझ्याकडं राहायचा आणि दुसऱ्या दिवशी परत. गावी घरात तो आणि आई, दोघंच.

पहिल्यांदा दवाखान्यात आई आली होती. तिथं सांगितलं, पाणी मोजून प्यायचं, मीठ कमी, फळं बंद. आईला फळं बंद हे काही पटेना. पोरगं आजारी आणि फळ द्यायचं नाही? आमच्याकडं आजाऱ्याला बघायला जाताना कुणी मोकळ्या हातानं जात नाही. तिनं सिस्टरला विचारलं, "फळानं काय वंगाळ हुतंय वो?" सिस्टर घाईत होती. म्हणाली, "आजी, कलिंगडात पाणी किती असतं, सांगा बघू. इथं घोटभर पाण्याचे वांधे आहेत." आईनं मान डोलावली. तिला जे कळायचं ते कळलं.

तिला कळलं ते असं. दोष फळाचा नाही, पाण्याचा. आणि पाणी काढायचं तर तिच्याइतकं चांगलं कुणाला जमणार? उभ्या जन्मात तिनं उन्हावर भरवसा ठेवलेला. धान्याला किडा लागला, घाल उन्हात. गोधडीला वास येतोय, घाल उन्हात. उन्हानं सगळा दोष जातो, हे ती आम्हाला लहानपणापासून सांगत आली. तिनं केळी चिरली, बोरं झोडली आणि पूर्वी वाळवायची त्याच्या दुप्पट वाळवली. केळीची फोड लाकडाच्या ढलपीसारखी कडक झाली. पोरगा निघताना आई त्या फोडी कागदात बांधून त्याच्या खिशात ठेवायला लागली. "खा बिनघोर. पान्याचा टिपूस ठिवला न्हाय." त्यालाही ते पटलं. मला विचारलं असतं तर मलाही पटलं असतं, असं आता वाटतं. पण मला दोघांनीही सांगितलं नव्हतं. तेव्हाची पुडी चिमटभर असायची, आणि ती गाडीतच संपायची.

माघातल्या एका शुक्रवारी त्याचा फोन आला. तो सोलापूर स्टेशनात होता. "आक्का, पाय उचलंना झालेत." आवाज कसनुसा. मी शिवण तशीच टाकली. आमचे हे घरीच होते, आम्ही दोघं रिक्षा करून गेलो. तो बाकावर बसला होता, हात मांडीवर, चेहरा मातीच्या रंगाचा. दवाखान्यात नेईपर्यंत त्याला मान धरवेना. तिथं छातीला पट्ट्या लावल्या, सुई दिली, धावपळ करून मशीनवर घेतलं. डॉक्टरीण बाई वयानं लहान, पण खमकी. मला म्हणाली, "यांनी काय खाल्लंय? पोटॅशियम किती वाढलंय! हृदय बंद पडलं असतं."

माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "काही खाल्लेलं नाही. पथ्य काटेकोर पाळतो तो. उगाच आळ घेऊ नका." ती म्हणाली, "खाल्ल्याशिवाय इतकं वाढत नाही." मी तरातरा गेले, खुंटीवरचा त्याचा शर्ट घेतला आणि तिच्यासमोर खिसा उलटा केला. बघा म्हटलं, काय आहे यात!

केळीच्या दोन फोडी फरशीवर पडल्या. खडखड वाजल्या.

डॉक्टरीण बाईनं त्या उचलल्या. मी सगळं ओळखलं. आईचा हात मला दिसला त्यात. बाई म्हणाली, उन्हात पाणी उडतं, केळातले पोटॅशियमचे क्षार कुठं जाणार? ते तिथंच राहतात. चार केळ्यांची मूठभर होतात, आणि माणूस मूठभरच खाल्लं म्हणतो. त्या दिवशी गाडीला उशीर झाला होता, याला भूक लागली होती, आणि आईनं नेमकी मोठी पुडी दिली होती. त्यानं बसून ती जवळजवळ संपवली होती.

तो वाचला. संध्याकाळपर्यंत हातापायात जीव आला. मी त्याच्या उशाशी बसले होते, फोन हातात घेतला. म्हटलं, आत्ता फोन लावते आईला. त्यानं माझा हात धरला.

"आईला कळू द्यायचं न्हाय."

"कळू द्यायचं नाही म्हणजे? परत देईल ना ती!"

"दिऊ दे की. मी खानार न्हाय."

"अरे, मग डॉक्टरनी आता बंद केलंय, एवढं तरी सांग."

"ती सोडती व्हय? आदी चालत हुतं, आता का बंद, म्हनून खोदून खोदून इचारंल. आन आज काय झालं ते तिला कळंल. आपल्या हातानं पोरगं मारत हुतो, ह्ये कळल्यावर ती जगंल का, आक्का?"

मी म्हटलं, खरं ते खरं. तेव्हा तो थकलेल्या आवाजात म्हणाला, "दर येळंला तुजं खरं झालंच पायजे का?" आणि डोळे मिटून घेतले. मिटल्या डोळ्यांनीच पुढं म्हणाला, "तिला दुसरं काय करता येतंय माज्यासाठी?"

मी फोन परत पिशवीत ठेवला. आईला आम्ही सांगितलं, बीपी वाढला होता.

पुड्या येत राहिल्या. उलट वाढल्या, कारण पोरगा हडकला म्हणून आईनं धाब्यावर आणखी धोतरं अंथरली. तो आला की खिशातून पुडी काढायचा आणि माझ्या हातात द्यायचा. मला साखर, त्यामुळं घरात ती खाणारं कुणी नाही. म्हटलं, शेजारी वाटून टाकू का? शेजारच्या तेलुगू बाईला चार पोरं आहेत, तासाभरात फस्त होईल. तर तो म्हणाला, "नगं. ठिव. माजा नंबर लागला की सगळं मी एकटा खानार हाय. टिकतंय की वरीसभर." मग मी पत्र्याचे डबे आणले. बोरांचे वेगळे, केळीचे वेगळे. शिवणयंत्राच्या मागं कापडाचे गठ्ठे असतात, त्यांच्याआड ठेवले. ते डबे भरत जाताना मला बरं वाटायचं. इतकं साठवलंय म्हणजे खाणारा असणारच, असं काहीतरी.

एक अडचण होती. घरी गेला की आई विचारायची, "कसं झालं हुतं?" आणि आईला नुसतं चांगलं होतं म्हटलेलं चालत नाही. म्हणून तो मला एक फोड खायला लावायचा. मी खायचे, तो माझ्या तोंडाकडं बघत बसायचा.

"कसं झालंय?"

"कडक झालंय जरा."

"आन गोड?"

"गोड आहे. मागच्यापेक्षा जास्त पिकलेलं केळ घेतलंय तिनं."

तो ते पाठ करायचा. मग म्हणायचा, डबा उघड. नाक जवळ नेऊन वास घ्यायचा आणि स्वतःच झाकण लावायचा. गावी जाऊन आईला सांगायचा, कडक झालं हुतं जरा, दाताला लागतंय. आई म्हणायची, "कडकच पायजे. पान्याचा टिपूस ऱ्हाता कामा न्हाय." परत आला की तो मला हे तिच्याच आवाजात म्हणून दाखवायचा आणि आम्ही दोघं हसायचो. हसता हसता मला रडू फुटायचं, मग तो म्हणायचा, "आक्का, ईळभर शिवती आन रडाय लागली की कापूड भिजवती. दुकानदार पैसं कापंल."

श्रावणात त्याला ताप आला. कुठून तरी जंतू रक्तात गेले. आठवडाभर झगडला आणि गेला. मी डॉक्टरीण बाईला मुद्दाम विचारलं, वाळवलेल्या फळांचा याच्याशी काही संबंध? ती म्हणाली, काहीही नाही, ते तुमचं केव्हाच थांबलं होतं. मी तिला परत विचारलं. तिनं परत तेच सांगितलं. एवढं ऐकून मी घरी आले.

दिवस झाले. गावात आई एकटी बसून राहायची, चूल पेटवायची नाही. म्हणून दिवाळीच्या आधी यांनी तिला सोलापूरला आणलं. ती गप्प असायची, पण रिकामं बसणं तिच्या हाडात नाही. एक दिवस मी आत पीठ मळत होते, आणि बाहेरून आवाज आला. खडखड. ताटात वरून काहीतरी सोडल्याचा.

तो आवाज मी ओळखला. पिठाच्या हातानं बाहेर आले. आईनं केर काढायला गठ्ठे सरकवले होते. जमिनीवर सगळे डबे उघडे. माझं स्टीलचं ताट तिच्यापुढं, त्यात बोरं.

"ही माजी बोरं," ती म्हणाली. तिनं विचारलं नाही, सांगितलं. मग केळीच्या डब्यात हात घातला. "ही बी माजीच. मी त्याला दिलेली." एकेक डबा तिनं हातानं चाचपला. "मंजी त्यानं खाल्लीच न्हाईत?"

मला दोनच वाटा दिसत होत्या. खरं सांगावं, तर तिच्या हातानं तिचं पोरगं मरता मरता वाचलं होतं. ते तिला आता कळलं असतं, तर डॉक्टरीण बाई काहीही म्हणो, ती जन्मभर हेच धरून बसली असती की मीच मारलं. आणि खरं सांगू नये, तर त्यानं आईचं वाळवण तोंडाला लावलं नाही, आईपुढं गोड बोलून बहिणीकडं टाकून दिलं, असं तिला वाटलं असतं. आई माझ्याकडं बघत होती.

मी म्हटलं, "मी घेतली त्याच्याकडून."

"आं?"

"मला आवडतात म्हणून. तो आला की मी मागून घ्यायचे."

आई उठून उभी राहिली. "आजारी भावाच्या तोंडचं काडून घेतलंस तू?"

"व्हय."

"त्यो तर म्हनायचा, कडक झालंय. खाल्ल्याबिगर कळलं त्याला?"

"एखादी फोड खायचा. बाकीची मी घ्यायचे."

"एक?" आई म्हणाली. "माज्या लेकरानं एकच खाल्ली?" तिचा आवाज फाटला. "साखर असून बी तुजी जीब आवरंना व्हय गं? ल्हानपनापासनं तशीच तू. धाब्यावरचं बी तूच खायचीस. आन नाव माज्या पोराचं घ्यायचीस."

दारात हे उभे होते. यांना सगळं माहीत. यांचं तोंड उघडलं, तेव्हा मी यांच्याकडं असं बघितलं की ते तसंच मिटलं. माझे हात पिठानं भरलेले होते, आणि मला एकच गोष्ट हवी होती, कुणाचा तरी खिसा उलटा करून दाखवायची. पण आता खिसा नव्हता आणि खिसेवालाही नव्हता. "चहा टाकते," असं म्हणून मी आत गेले. ओट्याला धरून रडले. हे खोटं बोलल्याचं रडू नव्हतं. तो असता तर आज मला हसला असता, त्याचं होतं.

दुसऱ्या दिवशी आई गावी निघाली. डबे तिनं गाठोड्यात बांधून घेतले, एकही ठेवला नाही. आठवड्याच्या आत सगळ्या नात्यात झालं. करमाळ्याच्या मावशीचा फोन आला, "असं कसं गं केलंस? मरत्या भावाचं?" मी म्हटलं, "केलं खरं." फोन ठेवला आणि त्या दिवशी सगळ्या कॉलरी उलट्या शिवल्या.

गावाकडून कळत राहिलं की आई रोज सकाळी धाब्यावर चढते, डब्यातली एक फोड नाहीतर दोन बोरं कठड्यावर ठेवते आणि कावळा येईपर्यंत हलत नाही. वय झालंय, शिडीवरून पडली तर, असं शेजारी म्हणायचे. मी म्हटलं, ठेवू द्या. आता त्यानं कितीही खाल्लं तरी काही होणार नव्हतं.

यंदा माघात गावचा एक जण सोलापूरला आला आणि माझ्या दारात पिशवी ठेवून गेला. आत केळीच्या फोडी, खाली बोरं. निरोप होता, हे तुला एकटीला. आता कुणाच्या तोंडचं काढायला नको. मी पिशवी घेऊन किती तरी वेळ यंत्रापाशी बसले. शेवटी एक फोड तोंडात घातली आणि आईला फोन लावला. त्या दिवसानंतर ती माझ्याशी धड बोलली नव्हती.

"पोचली का?"

"पोचली."

मग म्हणाली, "कसं झालंय?"

"कडक झालंय जरा," मी म्हटलं. "दाताला लागतंय."

पलीकडं तिनं श्वास घेतल्याचं ऐकू आलं. मग आई म्हणाली, "कडकच पायजे. तुला साखर हाय, मला म्हाईत न्हाय व्हय? म्हून तर लई ऊन दिलंय. उन्हानं साखर बी मरती. खा बिनघोर."

मी म्हटलं, "व्हय आई, खाते."

दुसऱ्या दिवशी मी बाजारात जाऊन पत्र्याचा नवा डबा आणला.